शिपाई काय सांगतो, बातमीदार काय सांगतो

युद्धाच्या बातम्या नुकत्याच वाचायला लागला आहेस, तर पेपर आणि सैनिकांचे ब्लॉग शेजारी ठेवून वाच. ऑगस्ट 2004 मध्ये इराकमधल्या मोसुलमध्ये मोठी चकमक झाली. बातम्यांनी ती चार ओळींत उरकली. कोल्बी बझेल या अमेरिकी शिपायाने मात्र चिलखती गाडीवरून, गोळ्या येत असताना काय दिसलं ते ब्लॉगवर सविस्तर लिहिलं. मग वरिष्ठांची नजर त्याच्या लिखाणावर पडली. 2007 मध्ये तर अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या ब्लॉगलेखनाचे नियमच कडक केले. त्यामुळे ब्लॉगवर आलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं धरू नकोस.

शिपायाला त्याची गल्ली दिसते. समोरच्या घरात कोण मेलं, वरून हुकूम कुणी दिला, हे त्याला कुठून कळणार? त्यासाठी बातमीदारच लागतो. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे फोटो अमेरिकी सैनिकांनीच काढले होते, पण जगापुढे आणले अमेरिकेच्याच सीबीएस वाहिनीने. अर्थात पलटणीसोबत फिरणारा पत्रकारही तिच्याच गाडीत बसतो, तिचंच जेवण जेवतो. त्याचंही सगळं खरं मानू नकोस.

वाचताना एवढं बघ: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलंय, की ‘म्हणे’वर चाललंय? ‘म्हणे’ असेल तर लगेच पुढे पाठवू नकोस.