पन्नाशी उलटल्यावर पुन्हा ड्रम कोरमध्ये वाजवायला जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अमेरिकेत शिकत असताना ड्रम कोर नावाच्या वाद्यपथकात स्नेअर (दोन काड्यांनी वाजवायचा, तडतडणारा छोटा ड्रम) वाजवायचात, १९९३ साली वयाची अट आडवी आली आणि बाहेर पडलात. आता त्रेपन्न वर्षांचे आहात, आणि घराजवळच्या एका अ‍ॅलम्नाय, म्हणजे माजी वादकांच्या, कोरने ‘या की’ म्हटलंय. जावं का, लोक हसतील का, आणि गुडघ्यांचं काय?

जा. फक्त स्नेअर मागू नका. ‘कुठली जागा रिकामी आहे?’ एवढंच विचारा आणि मिळेल ती घ्या. हे शहाणपण मला एक गुडघा आणि चार वर्षं घालवून आलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी एकसष्टचा. १९७७ साली आईबाबांबरोबर डोंबिवलीहून न्यू जर्सीत आलो. शाळेत माझं इंग्रजी ऐकून मुलं हसायची, पण मी बाकावर ठेका धरला की गप्प व्हायची. त्यातल्याच एकाने सोळाव्या वर्षी मला गावातल्या कोरच्या तालमीला नेलं आणि पुढचे सगळे उन्हाळे तिथेच गेले.

ज्यांना ड्रम कोर म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे, बस. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वगैरे काही नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकन लीजन या आपल्या संघटनेच्या शाखाशाखांतून ही पथकं उभी केली, पुढे त्यांची पोरं त्यात आली. १९७२ पासून तरुणांच्या कोरच्या स्पर्धा ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, भरवते. आमच्या वेळी एका कोरमध्ये जास्तीत जास्त १२८ जण आणि वय २१ पर्यंत. पुण्याच्या ढोलपथकात तुम्हाला कुणी जन्माचा दाखला दाखवून घरी पाठवत नाही. नोकरी, लग्न, बदली यांत माणूस आपसूक गळतो. इथे मात्र हात नुकता कुठे बसलेला असतो, आणि ऑगस्टमधल्या एका रात्री सगळं संपतं.

माझी ती रात्र १९८५ ची, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची. अंतिम फेरी बारा कोरची, आणि आमचं छोटं कोर त्या बारांत कधीच नव्हतं. गारफील्ड कॅडेट्स सलग तिसऱ्या वर्षी जिंकले ते आम्ही प्रेक्षकांत बसून पाहिलं आणि बसने घरी आलो. गणवेश कोरचा असतो. हँगरला लावून परत दिला, यादीवर सही केली. यादी घेऊन बसलेल्या बाई आमच्यातल्याच एकाची आई. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मोजे राहू दे तुला.’

आता जरा आडवळण घेतो, पण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. १९८४ च्या आधी गुणांचा मोठा भाग वजाबाकीने ठरायचा. परीक्षक ड्रमवाल्यांच्या अगदी पुढ्यात येऊन चालायचा, काड्यांकडे डोळे लावून. एक ठोका पुढेमागे झाला की कागदावर रेघ: ०.१ गुण गेला. याला ‘टिक’ म्हणायचे. १९८४ मध्ये डीसीआयने ती पद्धत बंद केली, पण ज्यांचा हात त्या काळात घडला त्यांच्या कानातून तो परीक्षक काही गेला नाही. माझ्या तर नाहीच. आमच्या लग्नात बँडवाल्यांच्या टिक मी मोजल्या होत्या, बायको अजून ऐकवते. तुम्ही पुढच्या पिढीचे, तुम्हाला हा रोग कमी असेल. तरी स्नेअरवाले आपण सगळे सारखेच. आपल्याला वाटतं, आपण सोडून बाकीचे सगळे आपल्या साथीला आहेत.

तर २०१३ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, मी परत गेलो. आणि गेलो ते थेट स्पर्धेत उतरणाऱ्या, सर्व वयांच्या कोरमध्ये. या कोरना वरची वयोमर्यादा नसते. न्यू जर्सीचे हॉथॉर्न कॅबालेरोज (१९४६ पासूनचे), पेनसिल्व्हेनियाचे रेडिंग बकनीअर्स ही त्यांतली जुनी नावं. त्यांची ड्रम कोर असोशिएट्स ही वेगळी संघटना होती, १९६० च्या दशकातली. अंतिम स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत व्हायची. आता ती संघटना डीसीआयमध्येच मिसळली आहे. मी गेलो ते कोर वेगळं. नाव सांगत नाही, कारण चूक सगळी माझी होती.

निवडीच्या वेळी ड्रम शिकवणारा पोरगा असेल सव्वीस-सत्तावीसचा. त्याने अदबीने विचारलं, ‘बेस ड्रम चालेल?’ स्नेअरवाल्याला मोठा, घुमणारा ड्रम! मला ते लागलं. मी स्नेअरच मागितला, आणि त्यांच्याकडे माणसं कमी होती म्हणून मिळालाही. आरोग्याच्या फॉर्मवर गुडघ्याच्या रकान्यात मी ‘तक्रार नाही’ लिहिलं होतं. मैदानावर पाच यार्डांत आठ पावलं टाकायची असतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. तोंड प्रेक्षकांकडे आणि जायचं बाजूला, त्यामुळे ड्रमवाले एक पाय दुसऱ्यावरून टाकत खेकड्यासारखे आडवे चालतात. छातीवर हार्नेस, हार्नेसवर ड्रम. जुलैतल्या एका तालमीत उजवा पाय डाव्यावरून गेला आणि गुडघ्यात ओला कपडा पिळल्यासारखं झालं. कूर्चा फाटली होती.

अशा स्पर्धेत तुमच्याऐवजी दुसरा आणून उभा करता येत नाही. प्रत्येकाची प्रत्येक क्षणाची जागा ठरलेली असते. एक गेला की रांगेत दात पडल्यासारखी फट दिसते. ती बुजवायला आठ जणांनी आपापली पावलं नव्याने पाठ केली. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चार वर्षं मी काड्यांना हात लावला नाही. २०१७ च्या मार्चमध्ये एका मित्राने ओढून अ‍ॅलम्नाय कोरच्या तालमीला नेलं. माजी सैनिकांचा हॉल, भिंतीवर जुने फोटो, कोपऱ्यात कॉफीचं मोठं पिंप, घडीच्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या. बहुतेक अ‍ॅलम्नाय कोर अशीच उभ्या जागी, कमानीत वाजवतात. मैदानावर पळापळ नाही. आणि नाव ‘अ‍ॅलम्नाय’ असलं तरी त्याच कोरचे माजी लागतात असं नाही. तसं केलं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, कारण जुनी कोर मिटत चालली आहेत. माझं केव्हाच मिटलं. ज्या कॅडेट्सना मी मॅडिसनला जिंकताना पाहिलं ते १९३४ पासूनचं कोर, तेही २०२४ मध्ये बंद पडलं. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये एकेकाळी एकमेकांचे गुण कापले जावेत म्हणून देव पाण्यात घालणारी माणसं आता शेजारी बसून एकाच कागदावरून वाजवतात.

त्या दिवशी चार बेस ड्रमांपैकी तिसरा नुसताच स्टँडवर होता. मी त्याच्यामागे उभा राहिलो, तो अजून तिथेच आहे.

बेस ड्रमचं गणित स्नेअरवाल्याला सुरुवातीला अपमानास्पद वाटतं. एकच ओळ चौघांत वाटलेली असते. ठोके एका वेगाने ओघळत जातात, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि तुमच्या वाट्याला त्यातला एकच. स्नेअरवर हात चालू राहतो, त्यामुळे चूक पुढच्या चार ठोक्यांत लपवता येते. इथे दोन माप नुसतं थांबायचं आणि एक ठोका नेमक्या फटीत ठेवायचा. तिसरा जरा घाईत पडला की सगळी ओळ लंगडते, आणि ते हॉलच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. पहिल्या दिवशी मी सगळेच्या सगळे आधी मारले. माझ्या डावीकडचे चौथा वाजवणारे गृहस्थ तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही कानांत यंत्रं. मधल्या सुट्टीत म्हणाले, ‘मला तुझा ठोका ऐकू येत नाही. मी तुझ्या कोपराकडे बघून वाजवतो. तेव्हा ते कोपर उगाच हलवू नकोस.’ त्या दिवसापासून माझं टिक मोजणं थांबलं असं नाही, पण मोजायला वेळच उरला नाही.

आता तुमच्या गुडघ्यांचं. अ‍ॅलम्नाय कोरमध्ये ड्रम स्टँडवर ठेवून वाजवता येतो. ते स्वतःहून विचारणार नाहीत, तुम्ही मागा. मेच्या शेवटी मेमोरियल डेचं आणि ४ जुलैचं संचलन असतं. तिथे चालणारे चालतात, बाकीचे ट्रेलरवर बसून वाजवतात, आणि ट्रेलरवर कोण बसलं याची नोंद कुणी ठेवत नाही. मी २०१९ पासून ट्रेलरवर आहे.

पण गुडघ्यांपेक्षा मला तुमच्या कानांची काळजी वाटते. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तास, ही इथे आरोग्यतज्ज्ञांनी सांगितलेली मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद हॉलमध्ये स्नेअरची रांग १०० सहज ओलांडते. आमच्या तरुणपणी कानात बोळा घालणारा भित्रा ठरायचा. त्याची भरपाई म्हणून माझ्या डाव्या कानात रोज रात्री रातकिडे किरकिरतात, जानेवारीत बर्फ पडत असतानाही. वादकांसाठी मिळतात ते इयरप्लग घ्या. त्यांनी आवाज दबतो, पण सूर ऐकू येतो.

आणि हट्टाने स्नेअरच घेतलात, तर आधी ड्रमच्या पानावर बोट वाजवून बघा. केव्हलर नावाच्या चिवट धाग्याचं, करकचून ताणलेलं पान असेल तर ते ओट्यावर लाटणं आपटल्यासारखं उलटं येतं. मनगटाला आणि कोपराला सगळा हिसका बसतो. बत्तीस वर्षं आराम केलेल्या हातांनी आधी दोन-तीन महिने रबरी पॅडवर, हळू, रोज वीस मिनिटं. जुना वेग डोक्यात असतो, स्नायूंत नसतो, आणि दुखापत या दोहोंच्या मधे होते.

ब्यूगल वाजवणारं कुणी ओळखीचं येणार असेल तर त्याला सांगून ठेवा: अनेक अ‍ॅलम्नाय कोर अजून जुने जी स्वराचे ब्यूगल वाजवतात. २००० साली डीसीआयने कुठल्याही स्वराची पितळी वाद्यं चालतील असं ठरवलं, पण जुन्या मंडळींना तो आवाज मानवत नाही. (खरं सांगायचं तर जी ब्यूगल सुरात ठेवणं महाकठीण. पण तो सगळा जथा एकदम अंगावर आला की माझेही केस उभे राहतात, तेव्हा मी या वादात पडत नाही.)

वाजवणं जमलंच नाही तर तरुणांच्या कोरला स्वयंसेवक नेहमी कमी पडतात. उन्हाळाभर दीड-दोनशे माणसं शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपत गावोगाव फिरतात, आणि त्यांचं दिवसाचं चार वेळचं खाणं मागून येणाऱ्या ट्रेलरमधल्या भटारखान्यात होतं. मी दोन उन्हाळे एकेक आठवडा तिथे कांदे चिरले. एकदा उत्साहाने पोह्यांचा घाट घातला. त्यातल्या मोहरीला मुलांनी किडे म्हटलं, तो विषय तिथेच संपला.

लोक हसतात का? घरचे हसतात. माझी आई सत्त्याऐंशीची आहे. मी रविवारी निघालो की विचारते, ‘आज किती वेळा वाजवायचंय, तीन का चार?’ रस्त्यावरचे हसत नाहीत. संचलनात सर्वांत जास्त टाळ्या शाळेच्या बँडला आणि आम्हाला पडतात. मधल्या वयाच्यांना कुणी विचारत नाही.

पहिल्या तालमीला स्वतःच्या काड्या नेऊ नका. हातात असल्या की पाय आपोआप स्नेअरकडे वळतात. इयरप्लग न्या, वाचायचा चष्मा न्या, आणि गाडीत एक घडीची खुर्ची टाका. त्यांच्याकडच्या नेहमी दोन-तीन कमी पडतात.