पातं वितळत नाही, तरी लांबतं कसं?

प्रश्न : उरण, अंजनवेलच्या वायू-विद्युत केंद्रांत टर्बाइनच्या गरम भागातली पाती निकेलच्या सुपरअलॉयची (फार उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या मिश्रधातूची) असतात. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं. पातं तेवढं तापत नाही, मग ठरावीक तासांनी ते बदलायचं कशाला? – एक वाचक, गुहागर

उत्तर : केल्विनमध्ये मोजलं तर वितळणबिंदूच्या साधारण निम्म्यावर धातू गेला आणि ताण कायम राहिला, की तो हळूहळू लांबत जातो. हाच क्रीप. फिरणाऱ्या पात्याला केंद्रापासून बाहेर ओढणारा ताण सतत असतोच.

नव्या पात्याचा पॉलिश आणि एचिंग (रसायनाने पृष्ठभाग हलका कोरणं) केलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दहा हजार पट मोठा करून पाहा. सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे चौकोनी ठोकळे दाटीने बसलेले दिसतात. हा गॅमा प्राइम : निकेलचे तीन अणू, अ‍ॅल्युमिनियमचा एक. धातू लांबतो तो डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या चुका, सरकत गेल्याने. डिस्लोकेशनला हे ठोकळे सहज कापता येत नाहीत, मधल्या अरुंद पट्ट्यांत ती अडकून पडतात. पात्याची खरी ताकद इथे आहे. हजारो तासांनी ठोकळ्यांचे कोपरे गोलावतात, लहान विरघळून मोठे पोसले जातात, पट्ट्या रुंदावतात आणि डिस्लोकेशनना वाट मोकळी होते. एकस्फटिकी, म्हणजे अख्खं एकाच स्फटिकाचं असलेल्या, पात्यात साधारण ९५० अंशांच्या वर ठोकळे एकमेकांना जोडून ताणाला काटकोनात सपाट थर होतात. याला राफ्टिंग म्हणतात. बहुस्फटिकी पात्यात मुख्य धोका कणसीमांचा, म्हणजे दोन स्फटिककण जिथे भिडतात त्या सीमांचा. ताणाला आडव्या असलेल्या सीमांवर बारीक पोकळ्या धरतात आणि त्या जुळल्या की भेग.

नुसते तास मोजून भागत नाही. तापमान आणि टिकण्याचे तास यांची सांगड घालणाऱ्या लार्सन-मिलरच्या सूत्रात स्थिरांक २० धरला, तर ८५० अंशांना २५,००० तास टिकणारं पातं त्याच ताणाखाली ८६५ अंशांना जेमतेम १२,००० तास टिकेल. म्हणून प्रत्येक तपासणीत पातं गार ठेवणारी थंड हवेची भोकं तुंबली नाहीत ना, हे आधी बघावं.

आयएन-७३८ या निकेल सुपरअलॉयची पाती ११२० अंशांना २ तास आणि मग ८४५ अंशांना २४ तास ठेवली, की गॅमा प्राइम पुन्हा नीट बसवता येतो. पोकळ्या मात्र त्याने बुजत नाहीत. त्यांना उष्णतेबरोबर चहूबाजूंनी वायूचा दाब लागतो. भेग पृष्ठभागापर्यंत उघडली असेल तर तोही उपाय चालत नाही, कारण दाबाचा वायू भेगेतच शिरतो.

प्रश्न : खाऱ्या वाऱ्याने क्रीप वाढतो का? – एक वाचक, उरण

उत्तर : आडून वाढतो. फिल्टरमधून निसटलेल्या मिठातून पात्यावर सोडियम सल्फेट साचतं. ते ८८४ अंशांना वितळून संरक्षक ऑक्साइडचा थर खातं. इतर सल्फेटांत मिसळलं तर ७०० अंशांच्या आसपासही. धातू पातळ झाला की उरलेल्या भागावरचा ताण वाढतो. ओल धरलेला फिल्टर पावसाळ्यात वेळेवर बदला.