बुरख्यावर सरकारनं बंदी घालावी का? अकरा वर्षं नकाब घातलेल्या बाईचं उत्तर

तुम्ही विचारलंय की फ्रान्सनं चेहरा झाकायला बंदी केली, १ जानेवारी २०२५ पासून स्वित्झर्लंडमध्येही ती लागू झाली, मग ही बंदी मुस्लिम बायकांच्या भल्याचीच नाही का आणि आपल्याकडे ती का नको?

मी चिपळूण तालुक्यातली. सोळाव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी नकाब घातला, नंतर सोडला. नकाब मला आवडत नाही. माझ्या मुलीनं तो घालू नये असं मला मनापासून वाटतं. तरीही सरकारी बंदीला माझा विरोध आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. हिजाब म्हणजे डोक्याला गुंडाळलेलं फडकं, त्यात चेहरा उघडाच असतो. नकाबात फक्त डोळे दिसतात. आपल्याकडे दोन्हींना सरसकट बुरखा म्हणतात. कर्नाटकात २०२२ साली वाद पेटला तो कॉलेजात हिजाब घालण्यावरून, फ्रान्सचा कायदा आहे तो चेहरा झाकण्याबद्दल.

आमच्या गावात माझ्या लहानपणी नकाब जवळपास नव्हताच. आजी पातळ नेसायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि लावणीला गुडघाभर चिखलात उतरायची. चेहरा झाकून भात लावता येत नाही. पुढे आखातात गेलेले पुरुष सुट्टीवर येऊ लागले आणि त्यांच्या बॅगांमधून काळे अबाये, म्हणजे अंगभर झगे, आले. माझे अब्बा कुवेतला होते. १९९० साली इराकनं कुवेतवर हल्ला केला तेव्हा सगळं तिथंच टाकून ते परत आले. १९९४ मध्ये मी दहावी पास झाले आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला, हिला रोज एस.टी.नं कॉलेजला पाठवायचं का? चुलते नको म्हणाले. अब्बांनी तोड काढली, की नकाब घालून जाईल.

त्या अटीवर मी बी.कॉम. झाले. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर 'माझ्या मर्जीनं घालते' असंच सांगितलं असतं. ते खोटं नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. बंदीवर बोलणारे लोक दोनच बायका धरून चालतात, एक जबरदस्तीनं झाकलेली आणि दुसरी स्वखुशीनं झाकून घेतलेली. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी या दोघींच्या मधे कुठंतरी होत्या. एखादी वडिलांचा मान म्हणून घालायची, एखादी नमाजाइतक्याच श्रद्धेनं. एकीला तर स्टँडवरच्या टवाळ पोरांच्या नजरांपासून सुटका हवी होती. पोलीस हे कसं ओळखणार?

फ्रान्सचं प्रकरण मी नीट वाचलंय. २२ जून २००९ ला राष्ट्राध्यक्ष सार्कोझी व्हर्सायला भाषणात म्हणाले की बुरख्याला फ्रान्सच्या भूमीवर स्थान नाही. त्या वर्षाअखेरीस तिथल्या सरकारी अंदाजानुसार साऱ्या देशात नकाब घालणाऱ्या बायका होत्या सुमारे १,९००. सरकारनंच कायदेशीर सल्ला मागितलेल्या 'कॉन्सेई देता' या संस्थेनं मार्च २०१० मध्ये सांगितलं होतं की सरसकट बंदीला भक्कम कायदेशीर आधार सापडत नाही. तरी जुलैत खालच्या सभागृहात कायदा ३३५ विरुद्ध १ मतानं आणि सप्टेंबरात सिनेटमध्ये २४६ विरुद्ध १ मतानं संमत झाला. ११ एप्रिल २०११ पासून तो लागू आहे. कायद्यात इस्लामचं नावही नाही. 'सार्वजनिक जागी चेहरा झाकणारा पोशाख कुणीही घालू नये' एवढंच म्हटलंय, आणि आरोग्य, व्यवसाय, खेळ, सण यांना सूट आहे.

दंड १५० युरोपर्यंत. बाईवर बळजबरी करणाऱ्याला मात्र एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड. वाचताना मला वाटलं, चला, पुरुषालाही धरलंय! पण प्रत्यक्षात पावत्या फाटल्या त्या बायकांच्या नावानं. पहिल्या काही वर्षांतच हजाराहून जास्त, काही जणींना तर पुन्हा पुन्हा. यात नवल नाही. रस्त्यावर नकाब दिसतो, घरातली बळजबरी दिसत नाही. आणि ती बळजबरी सिद्ध करायला त्याच बाईला नवऱ्याविरुद्ध किंवा बापाविरुद्ध उभं राहावं लागतं.

त्या कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांतही प्रामाणिक माणसं होती, हे मी मान्य करते. तिथल्या वस्त्यांमधल्या मुस्लिम मुलींसाठी लढणाऱ्या काही कार्यकर्त्या बंदी हवी म्हणत होत्या. ज्या मुलीला घरी नाही म्हणता येत नाही तिला 'सरकारच सोडत नाही' असं म्हणायची सोय होईल, असा एक मुद्दा बंदीच्या बाजूनं मांडला जातो. तो मला आजही सगळ्यात वजनदार वाटतो. काही घरांत तसं झालंही असेल. माझ्या घरात झालं नसतं. अब्बांनी एवढंच म्हटलं असतं, मग घरीच राहा.

एका तरुण फ्रेंच मुलीनं युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. तिचं म्हणणं होतं की माझ्यावर कुणाचा दबाव नाही, बँकेत किंवा विमानतळावर तपासणीसाठी चेहरा दाखवायला माझी हरकत नाही. १ जुलै २०१४ ला निकाल तिच्या विरोधात गेला. पण तो निकाल बारकाईनं बघा. स्त्री-पुरुष समानता हे कारण न्यायालयानं मानलंच नाही. जी गोष्ट बायका स्वतः जपू पाहतात ती समानतेच्या नावाखाली राज्यानं बंद करू नये, असं त्यांनी लिहिलं. सुरक्षेचं कारणही सरसकट बंदीला पुरेसं मानलं नाही. शेवटी उरलं 'एकत्र नांदणं', म्हणजे समाजात वावरताना एकमेकांचे चेहरे दिसावेत. त्या एका कारणावर बंदी टिकली, आणि तिथंही दोन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं दोन बायकांच्या तक्रारींवर फ्रान्सच्या विरोधात मत दिलं आणि अशा बंदीनं बायका घरात कोंडल्या जाऊ शकतात हेही बजावलं. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा त्याच फ्रान्समध्ये बस-मेट्रोत मास्क सक्तीचा झाला. चेहरे झाकले गेले म्हणून कुणाचं एकत्र नांदणं थांबलं नाही.

इराणनं तर दोन्ही टोकं पाहिली. १९३६ साली तिथल्या राजानं, रझा शाहनं, बुरख्यावर बंदी आणली, पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी, म्हणजे डोक्यावरून अंगभर घ्यायची वस्त्रं, ओढू लागले आणि अनेक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर तिथंच डोकं झाकणं सक्तीचं झालं. त्या नियमाखाली पकडलेल्या महसा अमिनीचा सप्टेंबर २०२२ मध्ये कोठडीत असताना मृत्यू झाला. दोन्ही वेळी पोलिसांचा हात बाईच्याच डोक्यापर्यंत गेला.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई आमच्याच तालुक्यातल्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला तो तोंडी तलाकच्या विरोधात. मी त्या मागणीच्या बाजूची आहे. कुणी म्हणेल, मग तिथं कायदा चालतो आणि इथं का नाही? तलाकच्या बाबतीत कायदा नवऱ्याला अडवतो. बुरखाबंदीत कायदा बाईला अडवतो, आणि ज्यानं तिला झाकलं तो घरी चहा पीत बसलेला असतो.

चेहरा कधीच दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. पासपोर्ट, बँक, न्यायालयातली साक्ष, परीक्षा, मतदान, इथं ओळख पटवून घ्यायलाच हवी. बी.कॉम.च्या एका पेपरला पर्यवेक्षकांनी मला सगळ्या वर्गासमोर 'काढ ते' असं खेकसून सांगितलं होतं. माझे हात थरथरायला लागले. तेवढ्यात एक मॅडम उठल्या, मला शेजारच्या खोलीत नेलं, हॉलतिकिटावरचा फोटो बघितला आणि परत आणून बसवलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. आपल्या मतदान केंद्रांवर बुरख्यातल्या बायकांची ओळख महिला कर्मचारी पटवतात, तेही याच रीतीनं.

कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली. न्यायमूर्ती धुलिया यांनी विचारलं होतं की हिजाबासाठी मुलीचं शिक्षण अडवून आपण तिचं आयुष्य सुधारतोय का? ते वाचून मला माझा एस.टी.चा पास आठवला.

माझा नकाब २००५ मध्ये सुटला. पनवेलला हिशेबनीस म्हणून नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. घरभाडं मी भरत होते, अब्बांच्या औषधांचे पैसेही मीच पाठवत होते. एका ईदला चेहरा उघडा ठेवून चिपळूणच्या स्टँडवर उतरले. अब्बा न्यायला आले होते. त्यांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत आणि माझी बॅग उचलली. चुलते पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.