त्रयस्थ हात कसा घालणार?

प्रश्न लॅमिंग्टन रोडवरच्या एका आयातदाराचा आहे. परदेशी वाय-फाय राउटरवरून पेटंटचा दावा लागला आहे, प्रतिवादी राउटर बनवणारी कंपनी आहे आणि हे गृहस्थ तोच माल आणून विकतात. त्यांनाही दाव्यात शिरायचं आहे. ‘थर्ड पार्टी इंटरव्हेन्शन’ला मराठीत ‘त्रयस्थ मध्यस्थी’ म्हणायचं की ‘त्रयस्थ हस्तक्षेप’?

पहिला पर्याय लगेच निकालात काढू. मध्यस्थी म्हणजे समेट घडवणं. ‘अमुक संघटनेची मध्यस्थी याचिका’ असा मथळा दिसला की डोकं उठतं, कारण संघटना तिथे कुणाचं भांडण मिटवायला गेलेली नसते, स्वतःचं घोडं पुढे दामटायला गेलेली असते. पेटंटच्या दाव्यात तर हा घोळ महागात पडेल. वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. म्हणजे खरीखुरी मध्यस्थी त्याच फायलीत आधीच असू शकते.

आता ‘त्रयस्थ’. हा शब्द मला कायम संशयास्पद वाटत आला आहे. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा. मध्यस्थ म्हणजे मधोमध उभा. आणि त्रयस्थ? ‘त्रय’ म्हणजे तिघांचा गट. तिसऱ्याला संस्कृतात तृतीय म्हणतात. म्हणजे अक्षरशः अर्थ घेतला तर ‘तिघांत उभा असलेला’, आणि तसा तर वादीही त्रयस्थ, प्रतिवादीही त्रयस्थ! माझ्या मते हा आपल्या तिऱ्हाईतालाच सोवळं नेसवून, तटस्थाच्या साच्यात घालून तयार केलेला शब्द आहे. संस्कृताभिमानी मंडळी नेमकं उलट सांगतात: त्रयस्थ मूळ, तिऱ्हाईत त्याचा अपभ्रंश. ठीक आहे, मग ‘स्थ’चा ‘हाईत’ कसा झाला ते दाखवा. मराठीत ‘स्थ’ झिजला की ‘ठ’ नाहीतर ‘थ’ मागे राहतो. स्थलाचं थळ झालं. श्रीस्थानकाचं ठाणे झालं, लोकलच्या पाटीवर रोज वाचता. स्थापयतिवरून ठेवणे आलं आणि त्यावरून बँकेतली ठेव. तिऱ्हाईतात मात्र ‘ठ’ही नाही, ‘थ’ही नाही. ‘प्राकृतात काहीही होतं’ हे उत्तर नव्हे, पळवाट आहे.

ठेवीवरून आठवलं, ठेवीचा संस्कृत अवतार ‘निक्षेप’, आणि तो हस्तक्षेपाचा सख्खा भाऊ. क्षिप् म्हणजे फेकणे, टाकणे. कुणाच्या स्वाधीन टाकला तो निक्षेप, मागाहून ग्रंथात घुसवलेला तो प्रक्षेप, समोरच्यावर टाकला तो आक्षेप, आणि दुसऱ्याच्या कामात हात टाकला की हस्तक्षेप. आक्षेप घेणारा आणि हस्तक्षेप करणारा एकाच धातूचे निघावेत, यापरता न्याय कोणता?

गोम अशी की बोलीत ‘त्रयस्थ’चा अर्थ केव्हाच ‘निःपक्षपाती, अलिप्त’ असा झाला आहे. ‘त्रयस्थपणे बघ’ म्हणतो ते त्याच अर्थानं. आणि दाव्यात शिरण्याची पहिली अटच अलिप्त नसणं ही आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम १०(२) खाली पक्षकार व्हायचं तर तुमच्याशिवाय परिणामकारक हुकूम होऊच शकत नाही, किंवा वादाचा पुरता निकाल लागायला तुम्ही समोर असणं गरजेचं आहे, हे दाखवावं लागतं. नियम ८अ वेगळा: दाव्यातल्या कायद्याच्या मुद्द्यात तुम्हाला रस आहे आणि तुम्हाला ऐकणं सार्वजनिक हिताचं आहे असं कोर्टाला पटलं, तर मत मांडता येतं, कोर्ट ठरवील तितकाच भाग घेता येतो. अशा अर्जात कुणी ‘आम्ही त्रयस्थ आहोत’ लिहिलं, की वादीचा वकील तेच वाक्य वाचून दाखवणार: त्रयस्थ आहात ना, मग इथे काय काम? वादी तसाही म्हणतच असतो की दावा माझा, कुणावर लावायचा ते मी ठरवणार.

म्हणून सरळ ‘हितसंबंधी आयातदार’ लिहा आणि हितसंबंध कागदानं दाखवा: स्वतःच्या नावाची बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला दिलेलं विवरणपत्र), त्यावरचं ८५१७ ६२ हे राउटरचं कस्टम्स-वर्गीकरण, मॉडेल क्रमांक, पुरवठादाराशी झालेला करार. पेटंट कायद्याच्या कलम ४८ मध्ये पेटंटधारकाच्या हक्कांत आयातही येते, त्यामुळे झळ तुम्हाला थेट लागते. न्हावा शेव्याला कस्टम्स आपण होऊन पेटंटसाठी माल अडवील ही भीती मात्र जुनी झाली. बौद्धिक संपदेचा भंग करणारा माल कस्टम्सनं अडवण्यासाठी केलेल्या २००७ च्या आयात-माल नियमांतून पेटंट २०१८ मध्ये वगळलं गेलं. आता धास्ती कोर्टाच्या मनाईहुकमाची.

अमेरिकेत गोष्ट निराळी. तिथे १९३० च्या टॅरिफ कायद्याच्या कलम ३३७ खाली आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग चौकशी करतो आणि मालावर प्रवेशबंदी घालतो. बंदीची अंमलबजावणी तिथलं कस्टम्स करतं. बंदी मर्यादित असेल तर ती नाव घेतलेल्या प्रतिवादींपुरतीच. ज्याला चौकशीत ओढलंच नाही त्याच्या हँडसेटवर, केवळ आत वादातली चिप आहे म्हणून, मर्यादित बंदी चालत नाही, असं फेडरल सर्किटनं, म्हणजे तिथल्या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टानं, २००८ मध्ये क्योसेरा या हँडसेट कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. सर्वसाधारण बंदी मात्र कुणाचा माल आहे ते विचारत नाही. चिपवाले, दूरसंचार कंपन्या आपण होऊन आत शिरायला बघतात ते यासाठीच. यातलं कुणी अलिप्त दिसतंय का?

आणि पेटंट कार्यालयातल्या अर्जाला हस्तक्षेप म्हणू नका. मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलला, दाखल होतो तो ‘विरोध’. पेटंट मिळण्याआधी तो कोणतीही व्यक्ती करू शकते, मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आत फक्त हितसंबंधी व्यक्ती. त्या ‘कोणतीही’मध्ये मात्र तिऱ्हाईत खुशाल बसतो.