लग्न झालं, व्हिसा यायचाय : मधल्या काळात भेटायचं कसं?

प्रश्न : ताई, माझं लग्न मागच्या डिसेंबरमध्ये झालं. मिस्टर डॅलसला असतात, त्यांचं ग्रीन कार्ड आहे, सिटिझन व्हायला अजून दोन वर्षं आहेत. त्यांनी माझ्यासाठी आय-१३० (बायकोला कायमचं बोलावून घ्यायचं पिटिशन) भरलाय, पावती आलीये, पण नंबर कधी लागेल काही सांगता येत नाही म्हणतात. मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का असं चाललंय. एजंट म्हणतो फॉर्ममध्ये पिटिशनचं लिहूच नका, लिहिलं की रिजेक्ट. सासूबाई म्हणतात एकदा जा तर खरं, तिथे गेल्यावर स्टेटस बदलून मिळतं, त्यांच्या भाचीने केलेलं. आणि माझे बाबा म्हणतात अर्जसुद्धा करू नकोस, मूळ केस बिघडेल. कोणाचं ऐकू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, आधी त्या एजंटला रामराम ठोक. टुरिस्ट व्हिसाचा जो फॉर्म असतो, डीएस-१६०, त्यात सरळसरळ प्रश्न आहे की तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का, आणि त्याचं उत्तर तुझ्या बाबतीत 'हो' आहे, विषय संपला. शिवाय त्याच फॉर्ममध्ये नवरा अमेरिकेत आहे का, त्याचं स्टेटस काय हेही विचारतात, म्हणजे नवरा ग्रीन कार्डवाला लिहायचा आणि पिटिशन नाही लिहायचं, हे खिडकीपलीकडच्या ऑफिसरला कळणार नाही असं एजंटला वाटतं का? त्यांच्या स्क्रीनवर ते दिसतं. खोटं सापडलं तर तो नुसता नकार राहत नाही, तिथल्या कायद्यात कलम २१२(ए)(६)(सी) म्हणून आहे, त्यात कायमची बंदी येते. पुढे नवऱ्याचे किती हाल होतील हे कागदोपत्री सिद्ध करून माफी मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. तीन आठवड्यांच्या भेटीसाठी आख्ख्या संसाराचा व्हिसा पणाला लावायचा, आणि एजंटचं काय जातंय, त्याची फी तर आधीच घेऊन झालेली असते.

बाबांची भीतीही खरी नाही, पण त्यांना ओरडू नकोस, बहुतेकांना हेच वाटतं. खरं लिहून अर्ज केलास आणि नकार आला तर तो येतो कलम २१४(बी) खाली. म्हणजे काय, तर अमेरिकेचा कायदा टुरिस्ट व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी 'हा इथे राहायलाच येतोय' असं धरून चालतो, आणि तसं नाहीये हे पटवून द्यायचं काम आपलं. तुझ्या बाबतीत तर राहायला यायचंय हे तुझ्या नवऱ्याने स्वतः लेखी कळवलंय, त्यामुळे पटवणं अवघड, हे खरं. पण या नकाराने आय-१३० ला काही होत नाही, त्याची रांग वेगळी. १८५ डॉलर फी मात्र गेली ती गेली, परत मिळत नाही.

मग जावं की नाही? माझं मत विचारशील तर, तुझी इथे पक्की नोकरी असेल, मंजूर रजा असेल, आधी परदेशात जाऊन वेळेत परत आल्याचे शिक्के असतील तर एकदा प्रयत्न करून बघायला हरकत नाही. इंटरव्ह्यूत सांगायचं, हो, पिटिशन आहे, नंबर लागेल तेव्हा मी रीतसर तो व्हिसा घेऊन जाणार आहे, आत्ता फक्त दिवाळीपुरती जाऊन अमुक तारखेला कामावर हजर होणारे. एवढंच. पाठ केलेलं भाषण नको. आणि नोकरी नसेल, लग्नासाठी राजीनामा दिला असेल (अजूनही लोक मुलींना हे करायला लावतात, लग्न ठरलं की दे राजीनामा, आणि मग पोरगी दोन-दोन वर्षं घरात बसून असते), तर पैसे वाया घालवू नकोस.

व्हिसा मिळाला तरी खरी परीक्षा एअरपोर्टवर असते. किती दिवस राहू द्यायचं ते तिथला ऑफिसर ठरवतो, साधारण सहा महिने देतात, पण संशय आला तर परतही पाठवू शकतात. त्यामुळे बॅग भरताना जरा डोकं चालव. तीन आठवड्यांसाठी चाललेल्या बाईच्या बॅगेत दहावीपासूनच्या मूळ मार्कशीटा, डिग्री, सगळे दागिने, प्रेशर कुकर आणि वर्षभराचं मेतकूट निघालं तर ऑफिसर काय समजायचं ते समजतो. फोनही बघू शकतात, आणि त्यात सासूबाईंचा 'एकदा गेलीस की राहा तिथेच' असा मेसेज असला की झालंच.

सासूबाईंच्या भाचीचं म्हणशील तर तिचा नवरा बहुतेक सिटिझन असणार. सिटिझनच्या बायकोला वार्षिक कोट्याची रांगच नसते. तुझी केस एफ२ए मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांच्या गटात येते, तिथे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तुमची प्रायॉरिटी डेट (पिटिशन दाखल झाल्याची तारीख) लागावी लागते, आणि ती तारीख पुढे सरकते तशी कधीकधी मागेही जाते. ती लागायच्या आत तुझी टुरिस्टची मुदत संपली तर तू तिथे बेकायदा, मग तिथल्या तिथे ग्रीन कार्ड मिळत नाही, आणि १८० दिवसांहून जास्त तशी राहून बाहेर पडलीस की तीन वर्षं, वर्षभर राहिलीस की दहा वर्षं प्रवेश बंद. आणि मनात तिथेच थांबायचं ठेवून टुरिस्ट म्हणून शिरणं हेही परत त्या वरच्या खोटेपणाच्या कलमातच जातं. तेव्हा हा सल्ला सोडून दे, सासूबाईंना प्रेमाने सांग.

खरं सांगू का, तुमच्यात ज्याला सहज येता येतं त्याने यावं. तो ग्रीन कार्डवर भारतात कधीही येऊ शकतो, पासपोर्ट भारताचाच आहे. फक्त सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिला तर सिटिझनशिपसाठी सलग वास्तव्य लागतं ते तुटल्यासारखं धरतात, आणि वर्षाच्या वर राहायचं असेल तर निघायच्या आधी तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. पाच वर्षांत निदान तीस महिने तो अमेरिकेत प्रत्यक्ष हजर हवा, हा हिशोब त्याला आत्ताच वहीत मांडायला सांग, कारण तो सिटिझन झाला की तुझी केस आपोआप त्या रांग नसलेल्या गटात जाते, फक्त नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत ज्या ऑफिसात केस असेल तिथे पाठवायची. म्हणजे बायकोच्या ओढीने तो इथे फार दिवस राहिला तर उलट तुझंच लांबतं. वर्षातून दोनदा तीन-चार आठवडे, मधे एकदा दोघांनी मॉरिशसला भेटा, भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा काढायची भानगड नाही.

आणि प्रत्येक भेटीचे बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं, दोन्हीकडच्या माणसांबरोबरचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकत जा. अरेंज्ड मॅरेज असेल, लग्नाआधी चार भेटी झालेल्या असतील, तर लग्नानंतर तुम्ही एकमेकांना भेटत राहिलात हाच मुंबईच्या इंटरव्ह्यूत सगळ्यात बोलका पुरावा ठरतो.

प्रश्न : मॅडम, माझी केस जरा उलटी आहे. बायको ब्रॅम्प्टनला नर्स आहे, कॅनडाची पीआर (कायम रहिवासी), मी पुण्यात आयटीत. तिने मला स्पॉन्सर केलंय, अर्ज पोचलाय. आता ती म्हणते नोकरी सोडून पुण्यात येते, पीआर येईपर्यंत एकत्र राहू, मग दोघं बरोबर जाऊ. मी म्हणतो मीच व्हिजिटर व्हिसावर जातो. घरी रोज व्हिडिओ कॉलवर यावरून वाद. — एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : वाद तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. पीआर असलेल्या माणसाला स्पॉन्सर म्हणून कॅनडातच राहावं लागतं, सिटिझन असती तर बाहेर राहूनही स्पॉन्सर करता आलं असतं, पण पीआरला ती सोय नाही. रजा घेऊन तीन-चार आठवडे येऊन जाणं वेगळं, नोकरी सोडून, भाड्याचं घर सोडून पुण्यात संसार थाटणं वेगळं, तिथे अर्जच अडचणीत येतो. मॅडमना सांगा, भावना पोचल्या, तिकीट मात्र परतीचं काढा.

तुमचं जाणं त्यामानाने सोपं आहे. अमेरिकेत जो प्रश्न नडतो त्यावर कॅनडाने कायद्यातच उत्तर देऊन ठेवलंय, त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) मध्ये स्पष्ट आहे की पुढे कायमचं राहायचा इरादा असला तरी तात्पुरता व्हिसा द्यायला हरकत नाही, फक्त मुदत संपली की माणूस परत जाईल असं ऑफिसरला वाटलं पाहिजे. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या इमिग्रेशन खात्याने असे जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा लवकर काढायचंही जाहीर केलं होतं. तर अर्जात स्पॉन्सरशिपचा नंबर लपवू नका, उलट ठळक लिहा, कंपनीचं रजेचं पत्र, फ्लॅटचे कागद, आणि एक साधं पत्र जोडा की पीआर नाकारली गेली तर मी मुदतीत परत येईन.

एक मात्र बघून घ्या, अर्ज कुठल्या क्लासमध्ये केलाय. कॅनडात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचा वेगळा असतो आणि बाहेरून करायचा फॅमिली क्लास वेगळा. तुमचा बाहेरचाच असणार, तो तसाच राहू द्या. त्यात नकार आला तर तिला अपील करता येतं, आतल्या अर्जात ते अपील नाही, आणि मधेच भारतात आलात व परत शिरू दिलं नाही तर तो अर्ज तिथेच बुडतो. व्हिजिटर म्हणून सहसा सहा महिने देतात, वाढवून हवं असेल तर संपायच्या आधी अर्ज करायचा. आणि आयटीवाले आहात म्हणून सांगते, तिथे बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा विचार असेल तर आधी कंपनीच्या एचआरला विचारा, टॅक्स आणि डेटाचे त्यांचे स्वतःचे नियम असतात आणि लॅपटॉप परदेशात उघडला की त्यांना कळतं.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचे जावई अमेरिकेचे नागरिक आहेत. मुलीची सगळी कागदपत्रं एनव्हीसीला (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरला) जमा झाली आहेत, आता मुंबईच्या मुलाखतीची वाट बघतोय. येत्या फेब्रुवारीत दोघांच्या लग्नाला दोन वर्षं होतील म्हणून जावई म्हणतात बालीला भेटू. मला धाकधूक वाटते, ऐन वेळी ती बाहेर असली आणि पत्र आलं तर? — एक आई, सांगली

उत्तर : काकू, जाऊ द्या पोरांना, दोन वर्षांत किती दिवस एकत्र मिळालेत त्यांना! मुलाखतीची तारीख काही उद्याची देत नाहीत, मधे मेडिकलही करून घ्यायचं असतं. फक्त पत्र येईपर्यंत तिकीट तारीख बदलता येणारं काढा, आणि पत्र आलं की मग कुठेच जायचं नाही, कारण मुलाखतीनंतर पासपोर्ट व्हिसा लागेपर्यंत कॉन्सुलेटकडे राहतो. मेडिकलमध्ये एक्स-रेत जरा काही डाग दिसला तर टीबीसाठी थुंकीची तपासणी लावतात, तिच्या कल्चरलाच आठ आठवडे जातात, म्हणून व्हिसा हातात यायच्या आत तिचं अमेरिकेचं तिकीट काढायची घाई कोणी करू नये.

आणि ती दोन वर्षांची गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत पण ती फार कामाची आहे. अमेरिकेत पाऊल ठेवते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर तिला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, मग ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ (ती अट काढायचा फॉर्म) भरा, परत सगळे पुरावे जोडा, परत फी. पूर्ण झाली असतील तर थेट दहा वर्षांचं. तेव्हा व्हिसा जानेवारीत हातात आला तरी तिला म्हणावं, आधी बाली, वाढदिवस लग्नाचा साजरा कर, आणि मग जा. व्हिसावर सीआर१ (सशर्त कार्डाचा प्रकार) छापलेलं असलं तरी एअरपोर्टवर ऑफिसरला मॅरेज सर्टिफिकेट दाखवून सांगायचं की आता दोन वर्षं झालीत, तो आयआर१ मध्ये, म्हणजे बिनशर्त प्रकारात नोंद करतो. फक्त व्हिसावरची शेवटची तारीख बघून घ्या, ती साधारण सहा महिन्यांची असते, मेडिकलच्या तारखेमुळे कधी कमीही असते.

प्रश्न : मिस्टर यूकेत लेस्टरला आहेत, स्पाऊस व्हिसासाठी वर्षाला २९,००० पौंड पगार लागतो, त्यांचा अजून थोडा कमी पडतो. तोपर्यंत मी व्हिजिटरवर जाऊन तिथूनच स्पाऊसमध्ये बदलून घेऊ शकते का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. यूकेत व्हिजिटरवरून स्पाऊसमध्ये आतल्या आत बदलून मिळत नाही, परत येऊन इथूनच अर्ज करावा लागतो. भेटायला जरूर जा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण सहा महिने राहून, महिनाभर घरी येऊन परत सहा महिने असं केलंत तर तुम्ही भेटीच्या नावाखाली तिथे राहताय असं धरून पुढचा व्हिसा नाकारतात. आणि पगाराचं म्हणाल तर ही अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० वरून २९,००० वर गेलीये, पण त्यांच्या बचतीचाही हिशोब त्यात धरतात, तेव्हा बँकेत काही रक्कम सहा महिन्यांपासून पडून असेल तर आधी ते तपासा, कदाचित अर्ज आत्ताच बसेल.