त्रिमूर्तीनगरचं घर विकून बेसाला जावं का?

प्रश्न: नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात 1,800 चौरस फुटांच्या प्लॉटवर 1994 साली बांधलेलं दुमजली घर आहे. माझं वय 66, पत्नी 61, मुलगा पुण्यात. आम्ही खाली राहतो, वरचा मजला रिकामा. गच्ची गळते, जिना चढून हिचे गुडघे दुखतात. 1 कोटी 40 लाखांचं गिऱ्हाईक आलं आहे. घर विकून शहराच्या कडेला, बेसाला 45 लाखांचा फ्लॅट घ्यायचा आणि उरलेले बँकेत टाकायचे, असा विचार करून राहिलो. पेन्शन 38,000, खर्च 30,000.

काका, पत्रात कराचा उल्लेखच नाही, म्हणून आधी तोच बघू. घर 2001 च्या आधीचं, त्यामुळे 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदीची म्हणून धरता येते. व्हॅल्युअरकडून ती काढून घ्या. समजा 6 लाख निघाली, तर नफा 1 कोटी 34 लाख. त्यातून फ्लॅटचे 45 लाख वजा होतात. राहिलेल्या 89 लाखांवर साडेबारा टक्के, वर सरचार्ज आणि सेस (करावर लागणारे जादा आकार). म्हणजे पावणेतेरा लाख गेले. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत 50 लाख भांडवली नफ्याच्या बाँडमध्ये घातले तर हाच कर पाच लाखांच्या आसपास येतो. मात्र ते पैसे पाच वर्षं अडकतात आणि त्यांवर व्याज सव्वापाच टक्के, तेही करपात्र.

हे सगळं धरूनही विकणं तोट्याचं नाही. बाँड आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले 30 लाख मिळून महिन्याला चाळीसेक हजार येतील. वरचा मजला भाड्याने दिला तर बारा हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. पण काका, तुमचे महिन्याला आठ हजार आजच शिल्लक पडतात. मग घाई कशाची?

जिन्याची म्हणाल, तर तुम्ही राहता खालीच. काकू वर जातात त्या कपडे वाळत घालायला, असं मी धरतो. अंगणात दोरी बांधा. (सल्ल्याची फी यात धरलेली नाही.) गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करून घ्या आणि वर भाडेकरू ठेवा, खर्च भाड्यातून निघेल.

तरी हलायचंच असेल, तर बेसाचा हट्ट सोडा. तीस वर्षांपासूनचे डॉक्टर, उधारी लिहून ठेवणारा किराणावाला, शेजारी हे सगळं इथेच आहे. चालत जाता येईल अशा अंतरावर, प्रतापनगरकडे, लिफ्टचा फ्लॅट 65 लाखांना पडला असं धरा. वीस लाख जास्त वाटतात, पण तेवढीच रक्कम नफ्यातून आणखी वजा होते आणि कर अडीच-तीन लाखांनी उतरतो. स्टँप ड्युटी धरूनही खरा फरक साडेअठरा लाखांच्या आसपास. फ्लॅट एकट्या काकूंच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, पण मग करातली ही वजावट मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

फ्लॅट बघायला मे महिन्यात, दुपारी तीन वाजता जा. शेवटच्या मजल्यावर असेल तर आतून स्लॅबखाली उभे राहा. कूलरला खिडकीबाहेर जागा आहे का आणि त्यात पाणी नळाचं पडणार की टँकरचं, हे बिल्डरला नाही, तिथे राहणाऱ्या बाईला विचारा. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडल्यावर लोकांच्या पार्किंगमध्ये काय झालं ते आपण पाहिलंय, तेव्हा तळमजला घेताना नाल्याचं अंतरही बघा.

आणि तुमचं गिऱ्हाईक 1 कोटी 40 लाखांतले काही 'वरून' देतो म्हणत असेल, तर तिथेच थांबा. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि घेणारे तुम्ही असाल.