बोलता न येणाऱ्या भावाला पर्याय दिले तर त्याचं चिडणं खरंच कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २२ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आंघोळीचं नाव काढलं की स्वतःचा हात चावतो, आणि ‘तुला काय हवंय?’ विचारलं तर आणखी बिथरतो. मी विशेष शिक्षिका आहे. हो, फरक पडतो. १९९० साली डायर, डनलॅप आणि विंटरलिंग या संशोधकांनी तीव्र अपंगत्व असलेल्या तीन मुलांना काम आणि बक्षीस स्वतः निवडू दिलं, तेव्हा त्यांचं त्रासदायक वागणं कमी झालं होतं.

पण ‘काय हवंय?’ हा पर्याय नव्हे. त्याचं उत्तर द्यायला शब्द लागतात, आणि तेच त्याच्याकडे नाहीत. दोन टॉवेल समोर धरा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता आपल्यालाच सोसत नाही. त्याची नजर गेली, हात पुढे आला, ते उत्तर. लगेच तोच टॉवेल द्या.

‘आंघोळ करतोस का?’ असं मात्र विचारू नका. त्याने नकार दाखवला आणि तरी ओढत नेलं, तर पुढच्या वेळी तुमच्या प्रश्नावर त्याने का विश्वास ठेवावा? आंघोळ ठरलेली आहे. आधी डोकं की आधी पाय, आत्ता की गाणं संपल्यावर, आईबरोबर की तुमच्याबरोबर, हे त्याचं.

दोन वस्तूंची नावं घेऊन विचारलं की माझा एक विद्यार्थी नेहमी दुसरी वस्तू मागायचा. तीच आवडते असं मी कित्येक आठवडे धरून चालले. क्रम बदलला तेव्हा कळलं, तो फक्त शेवटचा शब्द परत म्हणत होता. म्हणून बाजू आणि क्रम बदलत राहा.

पर्याय चिडण्याआधी द्यायचे. हात चावायला लागल्यावर आवडीची वस्तू पुढे केलीत, तर चावलं की मिळतं हेच तो शिकेल. त्या वेळी फक्त त्याला इजा होऊ देऊ नका, कमी बोला. आणि हे चावणं अलीकडेच सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दात, कान किंवा पोट दुखत असेल आणि सांगता येत नसेल, तर टॉवेल निवडून काही होणार नाही.

‘नको’साठी एक खूण किंवा चित्रही शिकवा. सुरुवात अशा गोष्टीपासून करा, जिथे त्याचं ‘नको’ तुम्ही खरोखर ऐकू शकाल.